शब्दचर्चा: ‘ग्रॅव्हल रोड’ म्हणजे खडीचा रस्ता का?

ओसरी

नमस्कार मंडळी. आमचा गाणी ऐकणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. दर महिन्याला एकाने एका अल्बमचं रसग्रहण लिहून आणायचं आणि मग सगळ्यांनी मिळून ऐकायचं. यावेळी माझी पाळी आहे. अल्बम आहे अमेरिकन गायिका-गीतकार लूसिंडा विल्यम्सचा ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’. जून १९९८ मध्ये आला. १३ गाणी, आणि एक रॅंडी वीक्सचं सोडलं तर बाकी सगळी तिनेच किंवा कुणासोबत मिळून लिहिलेली. रूट्स, कंट्री, ब्लूज असं अमेरिकेच्या मातीतलं काहीही आवडत असेल तर हा अल्बम चुकवू नये, एवढंच आत्ता सांगतो. बाकीचं लेखात.

गटाची अट अशी की गाण्याचं नाव पहिल्यांदा आलं की शेजारी मराठी अर्थ द्यायचा. आमच्यातल्या काही जणांना इंग्रजी बोल पटकन कळत नाहीत, म्हणून. मी शीर्षकालाच अडकलो. ‘खडीच्या रस्त्यावर मोटारीची चाकं’ असं लिहिलं. बायकोने वाचलं आणि विचारलं, “रस्त्याचं काम चालू आहे का?”

तर प्रश्न १: ग्रॅव्हल रोडला मराठीत काय म्हणाल? प्रश्न २: ‘कंट्री ब्लूज’ला, म्हणजे खेड्यातल्या काळ्या गायकांच्या गिटारीवरच्या उदास गाण्यांना, काय? आणखी प्रश्न आहेत, पण आधी हे.

खडीमशीन

तुमच्या बायकोचं बरोबर आहे. ३१ वर्षं रस्त्यांची कामं केली आहेत, म्हणून अधिकाराने सांगतो. खडी म्हणजे फोडलेला दगड. सगळ्या बाजूंनी धारदार. म्हणूनच एकात एक अडकून बसते. ‘खडीकरण’ म्हणजे ६३ ते ४५ मिलिमीटरची खडी पसरायची, रोलर फिरवायचा, फटींत बारीक खडी भरायची, वर मुरूम टाकून पाणी मारून पुन्हा रोलर. यानंतर डांबरीकरण व्हायचं असतं. ते व्हायला उशीर झाला की लोक म्हणतात ‘नुसती खडी टाकून गेले’. त्यामुळे मराठी माणसाच्या मनात खडीचा रस्ता हा नेहमी अर्धवट रस्ता असतो. त्यात ‘खडी फोडायला पाठवीन’ हा तुरुंगाचा वासही आहेच.

अमेरिकेतला ग्रॅव्हल रोड अर्धवट नसतो. तो तसाच पुरा असतो.

वऱ्हाडी_ठेचा

मुरमाचा रस्ता म्हणा की. आमच्याकडे शेतात जायचा रस्ता मुरमाचाच. गाडी गेली की लाल धुरळा आणि चाकाखाली बारीक खडे. मुरूम म्हटलं की गाव दिसतं. खडी म्हटलं की टेंडर दिसतं.

आणि रस्ताच कशाला? पाणंद आहे, गाडीवाट आहे, शिवरस्ता आहे. सातबाऱ्याच्या भांडणात यातला प्रत्येक शब्द वेगळा असतो.

सुपातले_जात्यातले

पाणंद नको. पाणंद दोन बाजूंच्या कुंपणांमधून जाते, तिथे मोटार घालणार कशी? पण ‘गाडीवाट’वरून आठवलं. ‘चाकोरी’ या शब्दाचा मूळ अर्थ चाकांनी पडलेली वाट. बैलगाडीच्या चाकांच्या दोन समांतर चऱ्या. आता आपण तो फक्त ‘चाकोरीबाहेरचे विषय’ असा वापरतो आणि त्यातलं चाक विसरून गेलो आहोत. या अल्बमच्या शीर्षकात चाकही आहे आणि वाटही. वाया घालवू नका.

गल्फकिनारा

मी ह्यूस्टनजवळ राहतो. अल्बममधलं ‘लेक चार्ल्स’ हे लुइझियानातलं गाव माझ्या घरून आय-१० महामार्गाने सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. लूसिंडा तिथलीच, जन्म २६ जानेवारी १९५३. (हो, आपल्या प्रजासत्ताक दिनाला.) वडील मिलर विल्यम्स, कवी आणि प्राध्यापक. क्लिंटन १९९७ मध्ये दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा शपथविधीला कविता वाचली ती यांनीच. प्राध्यापकाच्या बदलत्या नोकऱ्यांमुळे लहानपणी या पोरीची घरं सतत बदलली. शीर्षकगीतात मेकन येतं ते जॉर्जियातलं, तिथे ते राहिले होते.

रस्त्यांबद्दल. अमेरिकेच्या दक्षिणेतला ग्रॅव्हल बराचसा नदीतला असतो, पाण्याने घासून गोल झालेला, आणि खाली चिकणमाती. किनाऱ्याकडे तर दगडच नाही, म्हणून पूर्वी शिंपल्यांचे रस्ते करत. त्यामुळे आवाज वेगळा. खडीवर टायर कचकचतो, इथे तो खळखळल्यासारखा येतो, सावकाश आला तर करकर. आमच्या आजीचा शब्द वापरायचा तर ही ‘रेव’.

रेवेवरून आठवलं, तिच्या आवाजाला इथे सगळे ‘ग्रॅव्हली’ म्हणतात. मराठीत काय म्हणाल?

ओसरी

रेव! हा शब्द मी विसरलोच होतो. पण गटातल्या पस्तिशीच्या आतल्या कुणाला कळेल असं वाटत नाही.

आवाजाबद्दल मी ‘घोगरा’ लिहिलं होतं.

सुपातले_जात्यातले

घोगरा म्हणजे सर्दीचा. बसका म्हणजे भाषण करून आलेला. लूसिंडाचा आवाज ‘भरडा’ आहे. पीठ न करता भरडून ठेवलेला. गहू कळतो त्यात.

तंबोरा_बिघडलाय

भरडा. वा. हा मी चोरणार.

शिवाय ती शब्द ओढून, चिकटवून गाते. एका शब्दाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. याला आपल्याकडे ‘हेल’ आहे. मालवणी हेल, नागपुरी हेल म्हणतो तसा दक्षिणेचा हेल. ‘अनुनासिक’ लिहू नका, त्याने व्याकरणाचा तास आठवतो.

आता प्रश्न २. कंट्री ब्लूजला मराठी नको. ‘ग्रामीण निळाई’ वगैरे वाचून मी धागा सोडून जाईन.

वऱ्हाडी_ठेचा

कंट्रीला मराठी ‘देशी’. आणि आमच्या चौकात तसं दुकानावर लिहिलेलंच आहे. सरकारमान्य. 😄

ओसरी

हाच तर घोटाळा! ‘देशी ब्लूज’ असं लिहून बघितलं. गटातला एक मित्र म्हणाला, मग येताना घेऊन येऊ का?

सुपातले_जात्यातले

हसू नका, ‘देशी’ हा चांगला उमेदवार आहे. संगीतशास्त्रात ‘मार्गी’ आणि ‘देशी’ अशी जुनी जोडी आहे. मार्गी म्हणजे शास्त्राने बांधलेलं, देशी म्हणजे त्या त्या मुलखात लोकांना रुचेल तसं गायलेलं. आणि इंग्रजीत ‘कंट्री’ जसं राष्ट्रही आणि खेडंही, तसं मराठीत ‘देश’ म्हणजे भारतही आणि घाटावरचा मुलूखही. कोकणातला माणूस ‘देशावर गेला’ म्हणजे परदेशी गेला नाही, कराडला गेला. दोन्ही भाषांत एकाच शब्दाला हे दोन अर्थ चिकटलेले, असं जुळून आलेलं सहसा सापडत नाही.

तंबोरा_बिघडलाय

मुद्दा सुंदर, पण लेखात चालणार नाही. कारण ‘कंट्री’ हे त्या संगीताचं वर्णन नाहीच, ती दुकानातल्या फळीवरची चिठ्ठी आहे. १९२० मध्ये मॅमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’ तुफान खपलं आणि रेकॉर्ड कंपन्यांना कळलं की काळे लोकही रेकॉर्डी विकत घेतात. मग कॅटलॉग वेगळे झाले. काळ्या गायकांचे ‘रेस रेकॉर्ड्स’, डोंगराळ भागातल्या गोऱ्यांचे ‘हिलबिली’ नाहीतर ‘ओल्ड टाइम’. गाणी बऱ्याचदा तीच, गिटार तीच, दुःखही तेच. १९४९ मध्ये बिलबोर्ड मासिकाने नावं सभ्य केली: एक झालं ‘रिदम अँड ब्लूज’, दुसरं ‘कंट्री अँड वेस्टर्न’. ‘कंट्री ब्लूज’ हे नाव तर बरंच मागाहून रूढ झालं, सॅम्युअल चार्टर्सच्या १९५९ च्या पुस्तकाने. ज्यांना ते लावलं, ते रॉबर्ट जॉन्सनसारखे लोक १९३६-३७ मध्ये २९ गाणी रेकॉर्ड करून मरूनही गेले होते.

लूसिंडाला याच चिठ्ठ्यांनी छळलं. लॉस एंजेलिसचे लोक म्हणायचे, हे रॉकसाठी जास्तच कंट्री आहे. नॅशव्हिलचे म्हणायचे, कंट्रीसाठी जास्तच रॉक. आणि शेवटी या अल्बमला ग्रॅमी मिळालं ते कुठल्या फळीवर? ‘समकालीन लोकसंगीत’! म्हणून म्हणतो, चिठ्ठीचा अर्थ लावत बसू नका. कंट्री, ब्लूज, रूट्स तसेच ठेवा आणि त्याखाली काय वाजतं ते लिहा.

गल्फकिनारा

तंबोरांशी सहमत. भर घालतो: तिचा पहिला अल्बम १९७९ चा, फोकवेज कंपनीचा, मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये रेकॉर्ड केलेला. त्यात तिचं स्वतःचं एकही गाणं नव्हतं. रॉबर्ट जॉन्सन, मेम्फिस मिनी असे जुने लोक. म्हणजे आधी दुसऱ्यांच्या जात्यावर दळून मग १९ वर्षांनी हा अल्बम. या अल्बममधलं ‘जॉय’ ऐका. एकच रिफ, म्हणजे गिटारचा छोटा तुकडा, धरून रेटत नेलंय, तिथे तो जुना मिसिसिपी हात कळतो.

नवीन_सदस्य_२

मी नवीन आहे. ‘ब्लूज’ला ‘निळी गाणी’ का नको? शब्दशः तेच आहे ना?

वऱ्हाडी_ठेचा

‘ब्लू’ म्हटल्यावर आपल्याकडे कुठला पिक्चर आठवतो ते इथे लिहू देणार नाहीत.

सुपातले_जात्यातले

विनोद बाजूला ठेवला तरी, ‘निळी गाणी’ ही जागा महाराष्ट्रात रिकामी नाही. निळा रंग म्हणजे आंबेडकरी चळवळ, आणि निळी गाणी म्हटली की मला वामनदादा कर्डक आणि १४ एप्रिलची रात्र आठवते. तिथलं निळेपण उदासीचं नाही, मान वर करण्याचं आहे. तेव्हा भाषांतर चुकेल. पण नातं आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तिने नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरूनच घेतलं. ज्यांना ब्लूजचा इतिहास मराठीत सांगायचा आहे त्यांनी निळ्याचे हे दोन अर्थ शेजारी ठेवून बघावेत. ओसरींचा लेख मात्र त्यासाठी लहान पडेल.

रचनेबद्दल एक सांगते. १२ बारच्या (बारा ताल-खंडांच्या) ब्लूजमध्ये पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरीने उत्तर द्यायचं. जात्यावर दोघी बसल्या की एकीने म्हटलेली ओळ दुसरी पुन्हा म्हणते, तोवर पहिलीला पुढची सुचते. दळण दळताना विचार करायला मिळालेला वेळ आहे तो. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी अशा लाखावर ओव्या जमवल्या आहेत. ब्लूजला प्रतिशब्द म्हणून ‘ओवी’ वापरा असं म्हणत नाही. पण समजावून सांगताना उपयोगी पडेल.

ओसरी

हे सोनं आहे. घेतो.

आता राहिलेली गाणी. माझी यादी आणि माझी तोंडघशी पडलेली भाषांतरं:

‘ड्रंकन एंजल’: दारुडा देवदूत (!)
‘जॉय’: आनंद
‘कान्ट लेट गो’: मी जाऊ देऊ शकत नाही
‘टू कूल टू बी फरगॉटन’: विसरता येणार नाही इतका भारी

शेवटच्यात मूळ नाव आकडे घालून लिहिलंय, २ आणि ४ वापरून. ते कसं आणायचं?

तंबोरा_बिघडलाय

‘मी जाऊ देऊ शकत नाही’?? बसमधला कंडक्टर आहात का? मराठीत याला एका शब्दाचं क्रियापद आहे. ‘सोडवत नाही.’ मला चालवत नाही, बघवत नाही, सोडवत नाही. दोष इच्छेचा नाही, अंगातच त्राण नाही, असा अर्थ आपोआप येतो. रॅंडी वीक्सचं ते हेच गाणं, आणि त्यात नेमकं हेच आहे: सगळं संपलंय हे कळतं, पण हात सुटत नाही. इथे मराठी मुळापेक्षा एक पाऊल पुढे आहे, छाती काढून लिहा.

त्यातल्या स्लाइड गिटारबद्दलही लिहाल तर ‘घसरगिटार’ करू नका. स्वरावरून स्वरावर न तोडता जाणं याला आपल्याकडे मींड म्हणतात. ब्रिजभूषण काबरांनी आडव्या गिटारवर राग वाजवले ते याच्याच भरवशावर.

गल्फकिनारा

आकड्यांची गंमत सांगतो. बर्नी आइम्स नावाच्या छायाचित्रकाराने मिसिसिपी डेल्टातल्या जूक जॉइंट्सचे फोटो काढले, १९९० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. तिथल्या भिंतींवर हाताने रंगवलेल्या पाट्या, नियम, फुशारक्या. लूसिंडाने ते फोटो बघून गाणं रचलं. म्हणजे हे भिंतीवरचं लेखन आहे, ते तसंच दिसायला हवं.

जूक जॉइंट म्हणजे काळ्या शेतमजुरांचा शनिवार रात्रीचा अड्डा. पत्र्याची नाहीतर फळ्यांची खोली, दारू, तळलेले मासे, नाच. ‘जूक’ हा शब्द ‘गल्ला’ या दक्षिण किनाऱ्यावरच्या काळ्या लोकांच्या बोलीतून आला असं कोशकार सांगतात, अर्थ बेशिस्त, वाह्यात. ज्यूकबॉक्समधला ज्यूक तोच.

वऱ्हाडी_ठेचा

मग गुत्ता. दुसरा शब्द नाही.

खडीमशीन

गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. दारूचा ठेका म्हणून गुत्ता. मराठवाड्यात आजही रस्त्याच्या ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. अर्धं आयुष्य गुत्तेदारांबरोबर काढलं, दारू न पिता. आणि बघा, फिरून खडीवरच आलो.

नवीन_सदस्य_२

आकड्यांसाठी: आम्ही शाळेत निरोपाच्या वहीत ‘८वण’ लिहायचो. ‘१दा भेट, ८वण ठेव.’ असं काही?

ओसरी

नवीन सदस्य, तुम्ही नवीन राहू नका. ‘८वणीतून जाणार नाही’ केलं! भिंतीवर खडूने लिहिल्यासारखं दिसतंय.

सुपातले_जात्यातले

‘दारुडा देवदूत’ला देवदूतामुळे घात होतोय. आपल्याकडे चांगल्या माणसाला देवदूत म्हणतात ते अपघातात वाचवलं तर, बातमीत. आपला शब्द ‘देवमाणूस’. आणि ते गाणं ज्याच्यावर आहे तो ब्लेझ फोली, ऑस्टिनचा गीतकार, बूट फाटले की चिकटपट्टी लावून फिरणारा, १९८९ मध्ये गोळी लागून गेला. त्याला ‘तळीराम’ म्हणू नका. गडकऱ्यांच्या नाटकातून उतरलेला तो शब्द हसवतो. लूसिंडा त्याच्यावर चिडली आहे, हसत नाही. ‘झिंगलेला देवमाणूस’ बघा.

तंबोरा_बिघडलाय

झिंगलेला चालेल. पिऊन पडलेल्याला नाही, अजून उभ्या असलेल्याला म्हणतो आपण तसं.

वऱ्हाडी_ठेचा

आणि ‘जॉय’? गाण्यात बाई म्हणते, तू माझा जॉय नेलास, तो मला परत पाहिजे. आणि त्याला शोधायला वेस्ट मेम्फिसला जाते, मग स्लायडेलला. आता मराठीत करा: ‘तू माझा आनंद नेलास, परत दे.’ हा आनंद कोण? पोरगा का?

तंबोरा_बिघडलाय

😂 ‘उल्हास’ करा. नाहीतर ‘प्रमोद’. मराठीत सुखाच्या प्रत्येक शब्दाला एक एक काका आहे.

सुपातले_जात्यातले

खरं आहे, हर्षसुद्धा गेला. पण ओव्यांत तो ‘हरिख’ होऊन येतो, आणि हरिख नावाचा कुणी काका मला माहीत नाही. ‘माझा हरिख परत दे.’ जुना वाटेल, पण गाणंही जुन्याच चालीचं आहे की.

ओसरी

हरिख. बायकोला विचारलं, म्हणाली, “आईच्या तोंडी होता.” ठेवतो.

एवढ्या धांदलीत शीर्षक राहिलंच. आत्ताचं रूप: ‘मुरमाच्या वाटेवर चाकांची करकर’. चाकोरी घालायचा प्रयत्न केला, पण ती आली की गाडीला बैल जुंपले जातात. रेव मी लेखात आत कुठेतरी घालीन. करकर मूळ शीर्षकात नाही हे मान्य, पण गाण्यात ती चाकं दिसत नाहीत, ऐकूच येतात.

एक शेवटची अडचण. गाण्याच्या शेवटाकडे ‘चाइल्ड इन द बॅकसीट’ येतं, चारपाच वर्षांचं. मी लिहिलं, ‘मागच्या सीटवर एक मुलगी’. ती लूसिंडाच ना?

गल्फकिनारा

थांबा, इथे ‘मुलगी’ लिहू नका. यामागची गोष्ट ऐका. हे गाणं तिने नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेत म्हटलं तेव्हा वडील ऐकायला होते. नंतर ते तिच्याजवळ येऊन सॉरी म्हणाले. तिला कळेना, कशाबद्दल? ते म्हणाले, मागच्या सीटवरचं ते पोर तू होतीस. लिहिताना तिच्या हे लक्षातच आलं नव्हतं. घरातली भांडणं, एका गावाहून दुसऱ्या गावाला उचलून नेलेलं बिऱ्हाड, हे सगळं तिने दुसऱ्याच कुणाचं म्हणून लिहिलं होतं. वडिलांनी तिच्याआधी ओळखलं.

इंग्रजी ‘चाइल्ड’मध्ये मुलगा-मुलगी कळत नाही, म्हणून ते शक्य झालं. तुम्ही ‘मुलगी’ लिहिलीत तर वडिलांना ओळखायला काही उरत नाही.

सुपातले_जात्यातले

आणि आपल्याकडे नपुंसकलिंग आहे, इंग्रजीची मिजास नको. ‘मूल’ म्हणा. पण मूल जरा जनगणनेतलं वाटतं.

‘ते पोर.’ ‘ती पोर’ नाही, ‘तो पोर’ तर नाहीच. ते पोर. कुणाचंही असू शकतं, आणि पोरकं व्हायला एवढंसंच कमी आहे.

ओसरी

‘मागच्या सीटवर एक पोर, चारपाच वर्षांचं, खिडकीतून बाहेर बघत बसलेलं.’

लेख रविवारी वाचणार आहे. अल्बम आधी लावू की लेख आधी, हे गटात विचारलंय. बायको म्हणते, आधी शीर्षकगीत एकदा लावा आणि काहीही न सांगता विचारा, चाकं कशावरून चालली आहेत.